मोठ्या ट्रान्समीटरवरून पाच वॅटवर: निवृत्त रेडिओ अभियंत्यांसाठी घरच्या प्रयोगांची वाट

आकाशवाणी, दूरदर्शनचं रिले केंद्र, खासगी एफएम, पोलीस बिनतारी विभाग, यांपैकी कुठेही ट्रान्समीटरशेजारी उमेदीची वर्षं गेली असतील, तर निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसत नाहीत. कॅरियर (वाहक लहर) चढवायची, मीटरचे काटे बघायचे, तासाला लॉगशीट भरायची, ही सवय सहजासहजी सुटत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "ऑनलाइन छोटा एफएम ट्रान्समीटर मिळतो, गावापुरता लावा की!" चुकीची वाट तिथूनच सुरू होते.

मी आकाशवाणीच्या मध्यम लहरी ट्रान्समीटरवर नोकरी करून निवृत्त झाले आणि आता हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, रीतसर परवाना घेऊन पाच वॅटच्या आत प्रयोग करते. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. नोकरी रेडिओतली नसेल, नुसता इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असेल, तरीही पायऱ्या याच.

मराठवाड्याला रेडिओ नवा नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या मालकीची जी मोजकी केंद्रं होती, त्यांत हैदराबादच्या जोडीला औरंगाबादही होतं. पुढे परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झनं घराघरांत शेतीचे कार्यक्रम पोचवले. ते तंत्र हाताळलेली माणसं आज जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त होऊन बसली आहेत. त्यांचं ज्ञान कपाटात पडून राहू नये असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. हे प्रसारण नाही. इथे श्रोता नसतो, समोर दुसरा परवानाधारक असतो. आणि वॅट वाढवून इथे हाती फारसं काही लागत नाही. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात तर फरक पडतो १३ डेसिबलचा, म्हणजे रिसीव्हरच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर) जेमतेम दोन घरं. तेवढं तर अँटेना नीट बांधून आणि घरातला गोंगाट कमी करून भरून निघतं. कमी शक्तीच्या या कामाला जगभर 'क्यूआरपी' म्हणतात: मोर्समध्ये (टिंब-रेषांच्या संकेतांत) ५ वॅट, एसएसबी (सिंगल साइडबँड) आवाजात शिखराला १० वॅटपर्यंत.

१. आधी कायदा

८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यात स्वतःच्या नावावर ट्रान्समीटर लावण्याची सोय भारतात नाही, मग तो अर्ध्या वॅटचा का असेना. ऑनलाइन विकत मिळतो म्हणजे लावायला परवानगी आहे, असं होत नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा आपण नोकरीत ऐकलेले आहेत. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. नाव बदललं, पण विनापरवाना प्रक्षेपण तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानं घरी बनवलेलं एफएम केंद्र गावकऱ्यांना फार आवडत होतं. परवाना नव्हता म्हणून २००६ मध्ये ते बंद करण्यात आलं.

त्याच वर्षी सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांसाठी खुलं झालं. पण तो परवाना व्यक्तीला मिळत नाही. नोंदणीकृत ना-नफा संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र यांनाच मिळतो. गावासाठी प्रसारणच करायचं असेल तर अशा संस्थेला तांत्रिक मदत करा. तिथे तुमच्या अनुभवाचं सोनं होईल.

एफएमच्या नादाला न लागण्याचं तांत्रिक कारणही तितकंच मोठं आहे. एफएम पट्टा संपतो तिथेच, १०८ मेगाहर्ट्झपासून, विमानांचा पट्टा सुरू होतो: आधी दिशादर्शन, मग ११८ ते १३७ मध्ये वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं. स्वस्त किटमध्ये फिल्टर नावालाच असतो, आणि त्याची भलतीसलती उत्सर्जनं नेमकी तिकडे जाऊन पडू शकतात. चिकलठाणा आणि नांदेड, दोन विमानतळ आपल्याच भागात आहेत.

मग रीतसर काय करता येतं? दोन वाटा आहेत. एक हॅम रेडिओचा परवाना. हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे. दुसरी परवानामुक्त पट्ट्यांची. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये १ वॅटपर्यंतच्या ट्रान्समीटरला वेगळा परवाना लागत नाही. विहिरीची पाणीपातळी किंवा जमिनीतला ओलावा शेतातून घरी कळवणारे लोरा (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारे) मॉड्यूल इथेच चालतात. इथला सापळा असा की ऑनलाइन दुकानांत अमेरिकेसाठीचे ९१५ मेगाहर्ट्झचे बोर्डही सर्रास मिळतात. ते आपल्याकडे चालत नाहीत. ८६८ चा बोर्ड घ्या आणि सेटिंगमध्ये वारंवारता ८६५ ते ८६७ च्या आत ठेवा. ४३३ मेगाहर्ट्झला परवानामुक्त मर्यादा फक्त १० मिलिवॅटची आहे, आणि बाजारातली बरीच मॉड्यूल त्याच्या कैक पट शक्तीची असतात.

२. परवाना काढा

दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून हॅम परवाना मिळतो. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. आधी ऑपरेटरची परीक्षा, ती पास झाल्यावर परवान्याचा वेगळा अर्ज. परीक्षा पास झालो म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण थांबतात आणि वर्ष निघून जातं. कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखचिन्ह, परवान्यासोबत मिळतो, परीक्षेच्या प्रमाणपत्रासोबत नाही.

दर्जे दोन. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स लागत नाही, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो. जनरल दर्जाला मोर्सची चाचणी असते, कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होतो. पाच वॅटसाठी रिस्ट्रिक्टेड पुरेसा आहे, तिथूनच सुरुवात करा. मोर्स मागाहून शिका, पण शिकाच. कमी शक्तीत मोर्ससारखं साधन नाही.

लागणारी कागदपत्रं:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- जन्मतारखेचा पुरावा (दहावीची सनद सगळ्यांत बरी)
- फोटो आणि सही, स्कॅन करून
- इलेक्ट्रॉनिक्सची पदविका किंवा पदवी असेल तर तिची प्रत
- चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल; मुलाचा नको, स्वतःचा

आपल्याकडची खास अडचण नावांची. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, सेवापुस्तकात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. त्यात जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. आधारवर नाव आणि पत्ता जसा आहे तसाच अक्षर न अक्षर सगळीकडे भरा, आणि आधारच चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच.

परीक्षेचे दोन भाग असतात: रेडिओचं तंत्र आणि नियम. ज्यांनी आयुष्यभर ट्रान्समीटर चालवले ते तंत्राचा अभ्यास करत बसतात आणि नियमांकडे दुर्लक्ष करतात. उलटं करा. क्यू-कोड (क्यूनं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), आल्फा-ब्राव्हो-चार्ली ही उच्चारमाला, कोणत्या पट्ट्याची हद्द कुठे, संकटसंदेशाचे नियम, काय बोलायचं नाही, हे पाठ हवं. हॅमवर संगीत वाजवता येत नाही, बातम्या देता येत नाहीत, धंद्याचं बोलता येत नाही. मायक्रोफोन हातात आला की सर्वांना उद्देशून बोलायची प्रसारणवाल्यांची सवय इथे मोडावीच लागते.

आणि हे नुसतं हौसेचं काम आहे असंही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते.

३. परवाना येईपर्यंत ऐका

पडताळणीला वेळ लागतो. तो वाया घालवू नका. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर) किंवा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ घ्या आणि ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा ४० मीटरचा पट्टा रोज ऐका. सकाळी पुणे, मुंबई, हैदराबाद, नागपूर कसे येतात, दुपारी काय होतं, सूर्य मावळला की लांबचे कसे वर येतात, हे वहीत लिहा. मध्यम लहरीवर आपण भूतरंगाचा, म्हणजे जमिनीलगत जाणाऱ्या लहरीचा, भरवसा धरत होतो. इथे सगळी मदार आकाशतरंगावर, म्हणजे वर जाऊन परत खाली उतरणाऱ्या लहरीवर, आहे, आणि त्याची लय कानानंच कळते.

२० मीटरवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर, युरोप ऐकू येईल आणि पुणे मात्र येणार नाही. सेट बिघडला नाही. जवळचा टापू ओलांडून तरंग पुढे उतरतो, मधला पट्टा मुका राहतो. नवखे लोक इथे हमखास निराश होतात. म्हणून महाराष्ट्रात बोलायचं तर ४० मीटर, सातासमुद्रापार जायचं तर २० मीटर.

४. टेबलावर काय हवं

तापमान कमी-जास्त करता येणारा सोल्डरिंग आयर्न, चांगला डिजिटल मल्टिमीटर, नॅनोव्हीएनए, १२ व्होल्टची बॅटरी, आणि शक्य असेल तर जुना ऑसिलोस्कोप. यांतली कळीची वस्तू नॅनोव्हीएनए. नोकरीत ज्या मोजमापासाठी मुख्यालयातून पेटी मागवावी लागायची ते आता तळहाताएवढ्या यंत्रावर होतं. अँटेना, फिल्टर, केबल, सगळं त्यावर तपासता येतं.

सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, आणि नांदेड-लातूरकरांना हैदराबादचं कोटी मार्केट. कॉइल गुंडाळायच्या फेराइट आणि लोहचूर्णाच्या टोरॉइड रिंगा मात्र खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. नुसता लाल-पिवळा रंग दिलेल्या नकली रिंगा मिळतात आणि मग फिल्टर जुळता जुळत नाही. अख्खा ट्रान्समीटर परदेशातून मागवायचा असेल तर आयातीची परवानगी आधी पाहा. नाहीतर पार्सल कस्टम्समध्ये पडून राहतं.

५. पहिलं काम: डमी लोड

ट्रान्समीटर बांधायच्या आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडून शक्ती उष्णतेत जिरवणारा भार, बांधा. एक किलोओहम, एक वॅटचे वीस कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा: ५० ओहम, २० वॅट. वायरवाउंड चालणार नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे घ्या, रेझिस्टरांचे पाय शक्य तितके आखूड ठेवा, एका बाजूला बीएनसी सॉकेट लावा. नॅनोव्हीएनएवर ३० मेगाहर्ट्झपर्यंत ५० ओहमच्या आसपास सपाट रेघ दिसायला हवी.

यालाच १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की पॉवर मीटर तयार. मल्टिमीटरवर डीसी व्होल्टेज वाचा, त्यात डायोडचे ०.६ व्होल्ट मिळवा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि १०० नं भागा. ९.४ व्होल्ट दिसले तर १० चा वर्ग भागिले १००, म्हणजे १ वॅट. ५ वॅटला सुमारे २१.८ व्होल्ट दिसतात. काही शे रुपयांत झालेलं हे मोजमाप महागड्या मीटरच्या फार मागे नसतं.

नवा सेट सुरू करताना, दुरुस्तीनंतर, बॅटरी बदलल्यावर, प्रत्येक वेळी आधी डमी लोड. दहा किलोवॅटच्या सेटला आपण थेट मास्टवर (अँटेनाच्या मनोऱ्यावर) कधी सोडलं नाही. एक वॅटलाही तीच शिस्त.

६. ट्रान्समीटर आणि त्याचा फिल्टर

पहिला सेट किटचा घ्या. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेली 'बिटएक्स' मालिका साध्या, बाजारात मिळणाऱ्या भागांतून एसएसबी सेट उभा करते आणि जगभर बांधली गेली आहे. तिचीच पुढची पायरी 'मायक्रोबिटएक्स': सुमारे १० वॅट, सगळे एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झमधले) पट्टे. जुना सेट विकत घेत असाल तर पाचवी किंवा त्यापुढची आवृत्ती बघा. आधीच्या आवृत्त्यांत हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतली नको असलेली उत्सर्जनं) जास्त येतात हे बांधणाऱ्यांनीच मोजून दाखवलं, आणि पाचव्या आवृत्तीत फिल्टरची मांडणी बदलली गेली.

'पिक्सी' नावाचं अगदी स्वस्त मोर्स किट मिळतं, ७.०२३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं. सोल्डरिंगच्या सरावाला उत्तम. पण त्याचा फिल्टर तोकडा आहे. बाहेर चांगला फिल्टर लावल्याशिवाय ते अँटेनाला जोडू नका.

हा बाहेरचा फिल्टर स्वतः गुंडाळा, तासाभराचं काम आहे. ४० मीटरसाठी: दोन टोकांना २७० पिकोफॅरड, मध्ये दोन ६८० पिकोफॅरड, सगळे सीझीरोजी प्रकारचे कपॅसिटर. त्यांच्या दरम्यान तीन कॉइल, टी३७-६ या पिवळ्या रिंगेवर २१, २४ आणि २१ फेऱ्यांच्या. फेरे मोजताना तार रिंगेच्या भोकातून जितक्या वेळा आत जाते तितके फेरे. पहिल्यांदा नुसती आरपार गेली तोही एक फेरा. बाहेरच्या बाजूनं मोजलं की एक फेरा चुकतो आणि सगळा हिशेब बिघडतो. रिंगेचा तीन-चतुर्थांश भाग व्यापेल अशा सारख्या अंतरानं फेरे पसरवा, दोन टोकं एकमेकांपासून लांब राहू द्या. एनॅमल तारेचं आवरण ब्लेडनं खरवडून कथील नीट चढलंय का पाहा. वरून चकचकीत दिसणारा पण आत न जुळलेला जोड शोधण्यात अख्खी दुपार जाते. नॅनोव्हीएनएवर ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ काहीच तोटा नाही आणि १४ ला खोल दरी, असं चित्र दिसलं की फिल्टर झाला.

हार्मोनिक एसडीआरवर तपासताना ट्रान्समीटर आणि डोंगल यांच्यात ४० डेसिबल किंवा अधिक अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. नाहीतर डोंगलच गुदमरतं, खोटे शेंडे दाखवतं, आणि चांगल्या सेटला तुम्ही दोष देत बसता.

७. अँटेना: खरी मेहनत इथे

१३०५ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २३० मीटर. पाव तरंगाचा मास्ट उभा करायचा तर ५७ मीटर उंची आणि जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटर. अर्ध्या तरंगाचा डायपोल (मध्यात केबल जोडलेली, दोन हातांची तार) सुमारे २० मीटरचा, म्हणजे वाड्याच्या अंगणात किंवा दोन गच्च्यांच्या मध्ये सहज बसतो.

सूत्र सोपं: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१ मीटर, एकेक हात १० मीटरच्या थोडा वर. कापताना प्रत्येक हात १०.३ मीटर कापा, वर चढवा, नॅनोव्हीएनएवर बघा आणि दोन्ही बाजूंनी सारखं थोडं थोडं कमी करत या. प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर अपेक्षेपेक्षा थोडी आखूड लागते. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार चालते.

मधला भाग जीआय पाइपवर सात-आठ मीटर उंच आणि दोन टोकं खाली उतरती, असा उलटा 'व्ही' आपल्या गच्चीवर सगळ्यांत सोयीचा. ४० मीटरला एवढ्या उंचीवर तरंग सरळ वर जाऊन परत खाली येतो आणि अख्खा महाराष्ट्र कवेत येतो. म्हणजे कमी उंचीचं दुःख करायचं कारण नाही. टोकं हाताला लागणार नाहीत अशी बांधा आणि स्लॅबच्या सळयांपासून शक्य तितकी दूर ठेवा.

केबलसाठी डीटीएचची आरजी-६ चालते. ती ७५ ओहमची आहे, पण डायपोलचा मध्यही साधारण तितकाच असतो. कमी शक्तीत अडचण येत नाही आणि ती गल्लीच्या दुकानात मिळते. तिच्या जाळीवर कथील धरत नाही, म्हणून एफ-कनेक्टर वापरा. अँटेनाच्या मध्याशी केबलचे आठ-दहा फेरे फेराइट रिंगेवर घ्या. नाहीतर केबलच अँटेना बनते आणि घरातला सगळा गोंगाट आत घेऊन येते.

महावितरणची लाइन अँटेनाच्या आसपास कुठेही असेल तर जागा बदला. तार तुटली, पाइप कलला तर ती कुठवर जाऊन पडेल, हे आधी दोरीनं मोजा. झाडावर दोर फेकताना ११ केव्हीची लाइन जवळ नको. यात तडजोड करायची नाही.

८. अर्थिंग आणि आकाशातली वीज

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्या. पावसाळ्यात ती फुगते, ओल धरते आणि अर्थिंगला छान असते. एप्रिल-मे महिन्यांत तीच जमीन हातभर भेगाळते आणि रॉडपासून सुटते. म्हणजे जेव्हा वळवाचा पाऊस आणि विजा सुरू होतात, नेमका तेव्हाच अर्थ सगळ्यांत कच्चा असतो. जिथे दोन-तीन फुटांवर काळा पाषाण लागतो तिथे तर रॉड खाली जातच नाही.

उपाय असा. रॉडभोवतीचा खड्डा मोठा घ्या आणि बेंटोनाइटनं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीनं) भरा. कोळसा-मिठाची जुनी पद्धत चालते, पण मीठ रॉड खातं आणि दर वर्षी भरावं लागतं. पाषाण असेल तर खोल जाण्याऐवजी तांब्याची पट्टी आडवी, लांबवर पुरा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला. ओळखीच्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर आणवून मे महिन्यात मोजा. पाच ओहमच्या आत हवं. पावसाळ्यातल्या आकड्यावर विसंबू नका. अँटेनाचा अर्थ आणि घराचा अर्थ जाड तारेनं एकमेकांना जोडा. दोन वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक तुमच्या सेटमधून वाट काढतो.

एवढं करूनही गडगडाट सुरू झाला की अँटेनाची केबल काढून घराबाहेर ठेवा. प्रसारण केंद्रात मास्टला स्पार्क गॅप असतात, इमारतीला संरक्षण असतं, तरी आपण जपायचो. घरात त्यातलं काहीच नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घाला, जवळपासच्या विजांची सूचना मिळते. रोहिणी नक्षत्र लागल्यापासून माझी केबल वापर नसताना कायम सुटीच असते. आभाळ भरलेलं असताना गच्चीवर जाऊन काही जोडू-काढू नका. काढायचं ते ढग दूर असतानाच.

९. गोंगाट

सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करून ऐका. गोंगाट पडला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत शोधा. बहुधा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, बीएलडीसी पंखा किंवा छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर निघतो. गावाकडे सौर पंपाचा कंट्रोलर दिवसभर खरखर करतो, सूर्य उतरला की शांत होतो. भारनियमनाच्या वेळा लिहून ठेवा: सगळी गल्ली बंद असते तेव्हा दूरचे अशक्त सिग्नल वर येतात, आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पाच वॅटचा सेट आरामात काही तास चालतो.

१०. हवेत जा

पहिल्या संपर्कासाठी सकाळी ४० मीटरवर चालू असलेल्या एखाद्या नेटमध्ये (हॅम मंडळींच्या हवेतल्या बैठकीत) जा. दोन जणांच्या मधल्या फटीत आपला कॉलसाइन उच्चारमालेत एकदाच, स्पष्ट सांगा आणि शेवटी "क्यूआरपी स्टेशन" म्हणा. बाकीचे थांबून तुम्हाला जागा करून देतात. मराठीत बोललं तरी चालतं, कॉलसाइन मात्र नियमाप्रमाणे द्यायचाच.

मोजमापाची आवड असणाऱ्यांनी 'विस्पर' जरूर करून पाहावं. भौतिकशास्त्राचं १९९३ चं नोबेल मिळवलेले जो टेलर यांनी हे तंत्र तयार केलं. तुमचा कॉलसाइन, जागेचा चौकोन (जगाच्या नकाशावरच्या जाळीतला) आणि शक्ती एवढंच, ११० सेकंदांत, अवघ्या ६ हर्ट्झच्या रुंदीत पाठवायचं. जगभरचे रिसीव्हर ते आपोआप टिपून नकाशावर मांडतात. २०० मिलिवॅटमध्ये दुसऱ्या खंडातून नोंद येते. दहा किलोवॅटच्या सेटवर 'किती लांब ऐकू गेलं' हे श्रोत्यांच्या पत्रांवरून कळायचं; इथे दोन मिनिटांत डेसिबलमध्ये कळतं. प्रक्षेपण सम मिनिटाला सुरू व्हायला हवं, म्हणून संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून जुळवा. दोन-तीन सेकंदांची चूकही चालत नाही. तुमच्या परवान्यात हा उत्सर्जन प्रकार बसतो का ते आधी पाहा, आणि सेट चालू ठेवून परगावी जाऊ नका.

आपल्या भागातले हे चौकोन असे: छत्रपती संभाजीनगर आणि जालना एमके७९, परभणी, हिंगोली, नांदेड एमके८९, लातूर एमके८८. बीड आणि धाराशिव ही शहरं चौकोनांच्या कडेवर येतात, तिथे आपल्या घराचे नेमके अक्षांश-रेखांश घालूनच काढा.

११. शेजारी आणि लॉग

शेजारच्या काकू येऊन म्हणतील, "ताई, आमच्या होम थेटरातून तुमचा आवाज यायलाय!" वाद घालू नका. स्पीकरच्या तारा अँटेनासारख्या वागतात. तारेला क्लिपचं फेराइट लावून द्या, खर्च आपण करा, आणि लावल्यावर त्यांच्यासमोरच सेट चालवून दाखवा. अँटेनाचं टोक त्यांच्या भिंतीकडे असेल तर दिशा बदला. शेजार नीट राहिला तरच गच्चीवरची तार टिकते.

लॉग ठेवणं नियमात आहे, आणि ते आपल्याला शिकवावं लागत नाही. रकाने: तारीख, वेळ, वारंवारता, उत्सर्जनाचा प्रकार, शक्ती, समोरचा कॉलसाइन, दिलेला आणि मिळालेला अहवाल. वेळ भारतीय लिहिली की परदेशी नोंदींशी मेळ बसत नाही. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सकाळी साडेपाचच्या आधीच्या संपर्काला तारीखही एक दिवस मागची येते, हे विसरू नका. शेरा लिहायच्या जागेत हवामान, अँटेनातला बदल आणि लाइट होती की नव्हती तेही टिपा. सहा महिन्यांनी त्यातूनच कारणं सापडतात.

परवाना ज्या पत्त्याचा आहे तिथूनच प्रक्षेपण करायचं. शेतावर सेट न्यायचा असेल किंवा घर बदलत असाल तर आधी पोर्टलवर त्याची नोंद आणि अट बघा. परवान्याची प्रत सेटशेजारी भिंतीवर लावा. तपासणीला कोणी आलं तर ती प्रत आणि लॉगची वही, दोन्ही लगेच समोर ठेवता आल्या पाहिजेत.